उजवी बाजू

कापूस फुटून पंधरा दिवस झाले होते, तरी बोरडोहातली एकही बाई वेचायला जात नव्हती. सावनेरच्या पुढे जंगलाला लागून असलेलं हे साठ-सत्तर घरांचं गाव. एरवी या दिवसांत सकाळी आठनंतर गावात म्हातारी माणसं आणि कोंबड्या तेवढ्या उरायच्या. यंदा बाया दारात बसून तांदूळ निवडत होत्या, निवडलेलेच पुन्हा निवडत होत्या, आणि नाल्याकडच्या शेतांकडे कुणी मान वळवत नव्हतं. बोंडांतून कापूस लोंबून मातीला टेकला होता.

नंदिनीला वाघाने मारलं त्याला अकरा दिवस झाले होते.

सिंधू तिची धाकटी जाऊ. दोघींची घरं एकाच अंगणात, चुली वेगळ्या. सिंधूचा नवरा अंकुश नागपूरजवळच्या वाडीला गोदामात हमाली करायचा आणि आठवड्यातून एकदा घरी यायचा. नंदिनीचा नवरा भैय्याजी गावातच मजुरीला जायचा. त्याला एकच मुलगी, पायल, बारावी होऊन घरी बसलेली. सिंधूला मूल नव्हतं. पायल दोन्ही घरांत मिळून वाढली होती.

विहारात नंदिनीसाठी जलदानाचा कार्यक्रम झाला, पाहुणे आपापल्या गावी गेले, आणि अंगण एकदम मोठं वाटायला लागलं. भैय्याजी दिवसभर बाजेवर बसून असायचा. पायल ताट ठेवायची, तो दोन घास खाऊन ताट सरकवायचा. पाणीसुद्धा मागायचा नाही. ओठ फुटून त्यांवर पापुद्रे धरले होते. सिंधू तांब्या भरून बाजेपाशी ठेवायची आणि संध्याकाळी तसाच भरलेला उचलून न्यायची.

सिंधूची नजर गावात नावाजलेली होती. चार वर्षांमागे गावात कपाशीची शेतीशाळा झाली. कृषी खात्याच्या साहेबांनी बाटल्यांतले किडे दाखवून शत्रू कोण, मित्र कोण, ते शिकवलं. बाकीच्या बाया आठ दिवसांत विसरल्या, सिंधूच्या डोळ्यांत ते बसून गेलं. काळपट अंगावर नारिंगी ठिपके असलेली अळी दिसली की लोक चिरडायला जायचे. सिंधू हात धरायची. "राहू दे तिले. ढालकिड्याचं पिल्लू हाय. मावा खाते ते." मागच्या पावसाळ्यात भैय्याजीच्या गोठ्यात साप निघाला तेव्हा सगळे काठ्या घेऊन उभे होते. सिंधूने दारातूनच पाहिलं आणि सांगितलं, "मानेपासूनच पट्टे हाय, रुंद हाय. हा कवड्या. मण्याराचे पट्टे बारीक राहते, जोडीजोडीनं, अन् मानेच्या लय मागून सुरू होते." साप सोडून दिला. तेव्हापासून शाळेतली पोरं काडेपेटीत किडे घालून तिच्याकडे आणायची.

त्या दिवशी शेतात नंदिनीसोबत फक्त तीच होती. वनखात्याचे लोक आले तेव्हा साक्षीदार म्हणून तिचंच नाव लिहिलं गेलं. तिने सांगितलं, "मी दुसऱ्या टोकाले होती जी. आवाज आला म्हणून पलटली, तवा तो तिले ओढून नेत होता. पाठमोरा दिसला." भैय्याजीलाही तेच सांगितलं, पायललाही तेच.

खरं तसं नव्हतं. ज्याच्याकडे त्या मजुरीला जायच्या त्या ओमप्रकाशच्या शेतात दुपारी दोन-अडीचला दोघी शेजारच्याच तासांत, लागून असलेल्या ओळींत, वेचत होत्या. पाठ भरून आली म्हणून सिंधू सरळ झाली. नंदिनी वीस पावलांवर, खालची बोंडं वेचायला वाकलेली. कपाशीत मध्ये मध्ये तुरीची तासं होती. तूर हलली नाही, आवाज झाला नाही, आणि वाघ तिथे होता. अंग जमिनीला धरून तो हळूहळू पुढे सरकत होता आणि त्याची उजवी बाजू सिंधूकडे होती. तिला सगळं दिसलं. मागच्या मांडीवर दोन पट्टे खाली येऊन एकमेकांना भिडले होते, चुलीवरच्या चिमट्यासारखे, आणि त्या चिमट्यात एक सुटा काळा ठिपका होता. नंदिनीला नावाने हाक मारता आली असती एवढा वेळ होता. दोनदा मारता आली असती. सिंधूचे डोळे पाहत राहिले आणि तोंड उघडलं नाही. ओरडली ती नंतर, जेव्हा ओरडून उपयोग नव्हता.

हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं.

बाराव्या दिवशी सकाळी ओमप्रकाश अंगणात आला. सहा एकरांचा शेतकरी, वाईट माणूस नव्हता. नंदिनीच्या मातीला तोच पहिला आला होता. तो उभ्यानेच बोलला.

"सिंधूबाई, ढग आले पाहा. एक पाणी पडलं तर सरकीले कोंब फुटतीन. मी काय करू?"

सिंधूने हातातलं सूप खाली ठेवलं.

"मी वाघाले बोलावलं का? तुम्ही आल्या तर बाकीच्या येतीन. मी फटाके लावतो, माणसं उभी करतो."

"बाया नाही येत जी. मी काय सांगू त्यायले."

त्याने खिशातून एक बोंड काढून तिच्या हातावर ठेवलं. लाल अंगाचे, पोटावर पांढऱ्या रेघा असलेले दोन किडे त्यातून तिच्या मनगटावर चढले. लाल ढेकण्या. कापसावर डाग पाडतो. तिने ते झटकले. ओमप्रकाश तिच्या तोंडाकडे पाहत होता, पण सांगण्यासारखं नवं काही नव्हतं. वेचणीला उशीर झाला की हे होणारच.

वनखात्याने नाल्याच्या वळणावर पिंजरा लावला होता. आत बोकड बांधलेला. झाडांना कॅमेरे बांधले होते. चौथ्याच दिवशी एका कॅमेऱ्यात वाघ आला होता आणि त्याला पकडायची परवानगी नागपूरहून आली होती. मयुरा नावाची तरुण वनरक्षक रोज मोटरसायकलवर येऊन बोकडाला चारा-पाणी करून जायची. जाताना सिंधूच्या दारात थांबायची, चहा घ्यायची, फारसं बोलायची नाही.

तेराव्या दिवशी पहाटे वाघ पिंजऱ्यात सापडला.

नऊ वाजेपर्यंत अख्खं गाव नाल्यावर होतं. पिंजरा ट्रॉलीवर चढवून त्यावर हिरवी जाळी टाकली होती. वाघ गजांवर डोकं आपटत होता. कपाळ फुटून रक्त नाकापर्यंत आलं होतं आणि मुताच्या वासाने जवळ उभं राहवत नव्हतं. रेंजर साहेबांनी सिंधूला पुढे बोलावलं. भैय्याजी आधीच तिथे होता, पायलच्या खांद्यावर हात ठेवून.

"फोटोशी पट्टे जुळलेत," साहेब म्हणाले. "तरी तुम्ही पाहून घ्या, म्हणजे पंचनाम्यात तसं लिहितो."

सिंधूने पाहिलं. तिच्याकडे वाघाची डावी बाजू होती. त्यावरून तिला काही कळेना. ती ट्रॉलीला वळसा घालून पलीकडे गेली. वाघ फिरला, पुन्हा फिरला, आणि उजवी मांडी गजांना लागली. पट्टे सरळ होते. एकामागे एक, कुठेही न भिडलेले. ठिपका नव्हता. तिने तो पुन्हा फिरेपर्यंत वाट पाहिली आणि पुन्हा पाहिलं.

"हाच ना?" साहेबांनी विचारलं.

सिंधूने मान वर केली. समोर भैय्याजी मातीवर बसला होता, पाय लांब करून, ओझं उतरवून बसावं तसा. कुणीतरी त्याला पाण्याची बाटली दिली होती आणि तो पीत होता. थांबत नव्हता. पाणी हनुवटीवरून शर्टावर सांडत होतं. बाटली संपली तेव्हा त्याने पायलकडे हात केला, "अजून दे."

"हाव," सिंधू म्हणाली. साहेबांनी बोट ठेवलं तिथे तिने सही केली.

त्या दिवशी गावात लगबग होती. ओमप्रकाश घरोघरी जाऊन सांगून आला, उद्यापासून वेचणी, प्रत्येक घरातून दोन बाया पाठवा. भैय्याजीने पोटभर वरणभात खाल्ला. सिंधू भांडी घासत बसली, घासलेलीही घासत बसली.

सकाळी बाया निघाल्या. डब्यांचे आवाज, चपलांचे आवाज, एकमेकींना हाका. सिंधू डोक्याला फडकं बांधून बाहेर आली आणि तिला अंगणात पायल दिसली. आईच्या जुन्या हिरव्या लुगड्याची ओटी तिने कमरेला बांधली होती, वेचलेला कापूस टाकायला. गाठ नीट बसत नव्हती म्हणून मान खाली घालून ती ओढत होती.

"तू कुठी चालली?"

"कापसाले. आपल्या घरातून दोघी नको का? आईच्या जागी मी येतो."

"पायल, थांब. नको जाऊ."

"काहून काकू?"

सिंधूने खांबाला हात टेकला. भैय्याजी बाजेवर दात घासत बसला होता. दारासमोर तीन-चार बाया तिची वाट पाहत थांबल्या होत्या.

"तो वाघ तो नव्हे," ती म्हणाली.

भैय्याजीने तोंडातलं थुंकलं. "काय म्हणली?"

"काल पकडला तो दुसराच हाय, दादा. नंदिनीताईले नेणारा नाही."

"काल तू हाव म्हणली ना. सही केली ना."

"खोटी केली."

"अन् तुले कसं माहीत? तू तर त्या टोकाले होती. तुले पाठमोरा दिसला."

"नव्हती मी त्या टोकाले. वीस पावलांवर होती. तुरीतून निघताना दिसला मले. त्याची उजवी बाजू पूर्ण दिसली. मांडीवर दोन पट्टे भिडलेले, मधात ठिपका. कालच्याले ते नाही."

भैय्याजी उठला. तो जवळ आला नाही. बाज आणि दार यांच्या मध्येच उभा राहिला.

"तिच्यापर्यंत पोचाच्या आधी दिसला?"

"हाव."

"मंग तू काय करत होती?"

"पाहत होती."

"ओरडली नाही."

"तोंड उघडलंच नाही, दादा."

"पट्टे मोजत होती," भैय्याजी म्हणाला. तो घरात गेला आणि त्याने दार ओढून घेतलं. पायलने कमरेची ओटी सोडली. चार घड्या केल्या. सिंधूकडे न पाहता तीही मागच्या दाराने आत गेली.

दारातल्या बायांनी सगळं ऐकलं होतं. दुपारपर्यंत गावाने ऐकलं. चार-पाच जणी तरीही शेतात गेल्या आणि बाकीच्या परतल्या. त्या चार-पाच जणींनीही दुसऱ्या दिवशी जायचं सोडलं. हापशीवर सिंधू भांडं घेऊन गेली की बायकांची रांग तिच्यापुरती जागा सोडून उभी राहायची. कुणी शिवी दिली नाही. एकीने एवढंच विचारलं, "तुले दिसलं होतं म्हणते खरं?" आणि हो म्हटल्यावर आपली पाण्याची गुंडी उचलून पुढे गेली.

सिंधूने मयुराला फोन केला. मयुराने सगळं ऐकून घेतलं.

"सिंधूताई, वाघाच्या दोन्ही बाजू सारख्या नसतात," ती म्हणाली. "आमच्याकडचा फोटो डाव्या बाजूचा आहे, तोही चार दिवसांनंतरचा. तुम्ही उजवी पाहिली. हे तुम्हाला साहेबांसमोर सांगावं लागेल."

रेंजर साहेबांच्या ऑफिसात ती दहा वाजता पोचली. चार वाजता तिला आत बोलावलं. तोवर बाहेरच्या बाकड्यावर जागा असूनही ती उभीच होती, कारण 'बस' असं कुणी म्हटलं नव्हतं.

साहेबांनी कागद पुढे केला. "ही सही कोणाची?"

"माही."

"तेव्हा दिसलं नाही का?"

"दिसलं होतं जी. खोटं सांगतलं."

"मग आज खरं सांगताय हे मी कशावरून मानू?"

मयुराने कॉम्प्युटरवर जुने फोटो लावले, दोन-तीन वर्षांत जंगलातल्या कॅमेऱ्यांत आलेले. कुठे अर्धं अंग, कुठे नुसती शेपटी. सिंधू स्टुलावर बसून पाहू लागली. कापसाच्या पानामागे पांढरी माशी शोधावी तसे तिचे डोळे फिरत होते. दीडशेच्या पुढे गेल्यावर तिने बोट लावलं. चिमट्यासारखे भिडलेले पट्टे, मध्ये ठिपका. मयुराने नंबर वाचला. दोन वर्षांपूर्वीचा नर, पलीकडच्या जंगलातला, तिथून कधीच दिसेनासा झालेला.

साहेब खुर्चीतून उठून आले आणि वाकून पाहत राहिले. मग म्हणाले, "पुन्हा कॅमेरे लावा." सिंधूला 'जा' असंही कुणी म्हटलं नाही. ती निघून आली.

अंकुश त्या आठवड्यात दोन दिवस आधीच घरी आला. पाठीवरची पिशवीही न काढता बोलला, "गोदामात फोनवर फोन. गप राहता आलं नाही तुले?"

"राहिली होती तेरा दिवस."

तो खाली बसला. पिशवी काढून म्हणाला, "दादा माह्याशी पण बोलून नाही राहिला." त्याने दोन वेळा जेवण केलं, भिंतीकडे तोंड करून झोप काढली आणि वाडीला निघून गेला.

ओमप्रकाशने छिंदवाड्याकडून मजूर आणले. टेम्पो भरून माणसं, बाया, अंगावरची लेकरं. त्यांनी शेतातच पाल ठोकलं. खरा वाघ अजून मोकळाच आहे, असं सिंधूने जाऊन मुकादमाला सांगितलं. तो हसला, "शेर तो पकड़ा गया ना बाई." ओमप्रकाशने तिला धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून, खाली उतरायला सांगितलं. ती उतरली, आणि दुसऱ्या दिवशी तेलाचा रिकामा डबा आणि एक काठी घेऊन येऊन धुऱ्याच्या पलीकडे, सरकारी जागेत बसली. तिथून तुरीची सगळी तासं दिसायची. मजूर वेचायचे आणि ती तुरीकडे पाहत बसायची. ऊन पाठीवरून मानेवर यायचं. मजुरांच्या बाया लांबून तिच्याकडे बोट दाखवायच्या.

तिसऱ्या दिवशी तूर हलली. सिंधू ओरडली. असा आवाज आपल्या अंगात होता हे तिलाही ठाऊक नव्हतं. डबा बडवत, ओरडत ती धुऱ्यावर चढली. मजूर ओट्या टाकून पळाले, लेकरं रडायला लागली. आणि तुरीतून रानडुकराची एक मादी चार पिलांसकट बाहेर पडून नाल्यात उतरली. पिलांच्या पाठीवर पिवळसर रेघा होत्या.

मजूर पोट धरून हसले. सांडलेला कापूस मातीतून वेचताना मात्र त्यांचं हसू गेलं. ओमप्रकाश धावत आला आणि त्याने तिच्या हातातला डबा घेऊन दूर भिरकावला. "बाई, तुले हात जोडतो," तो म्हणाला, "जगू दे आमाले." सिंधूचा घसा बसला होता. तिने डबा शोधून आणला आणि पुन्हा जागेवर जाऊन बसली.

त्यानंतर दोन दिवसांनी नाल्यातल्या कॅमेऱ्यात तो आला. मयुराने मोबाइलवर फोटो आणून दाखवला. सकाळी साडेसातची वेळ होती, मजुरांच्या पालापासून चाळीस-पन्नास पावलांची जागा, आणि उजवी बाजू, मांडीवर तोच चिमटा. मजुरांनी त्याच दुपारी टेम्पो बोलावला. पुढे आठवडाभर वनखात्याच्या गाड्या गावात होत्या. बेशुद्धीचं इंजेक्शन मारून त्याला धरलं आणि नेलं. या वेळी सिंधूला पाहायला बोलावलं नाही. पिंजऱ्यातला पहिला अजून नागपुरातच होता. त्याच्या कपाळाची जखम चिघळली होती, आणि त्याला सोडायचं की नाही याचा कागद कुठेतरी अडकला होता. मयुराने सांगितलं तेव्हा सिंधूला त्याचे सरळ पट्टे आठवले. त्याने काहीच केलं नव्हतं. तिच्या सहीने तो आत गेला होता.

मधल्या दिवसांत पाऊस येऊन गेला होता. उरलेला कापूस पिवळा पडला. बाया वेचायला जाऊ लागल्या, सिंधूही जाऊ लागली. तिच्या शेजारचं तास कुणी धरत नव्हतं, ते शेवटी धरायचं राहून जायचं. पायल जात नव्हती. सावनेरला शिवणकामाच्या वर्गाला तिचं नाव घातलं होतं. अंगणात समोर आली तर ती बोलायची, पण काकू म्हणायची नाही.

एका दुपारी सिंधू सुट्टी करून लवकर घरी आली. भैय्याजी तिच्या ओट्याच्या पायरीवर बसला होता. इतक्या दिवसांत तो या बाजूला आला नव्हता. सिंधूने डोक्यावरचं फडकं नीट केलं आणि उभी राहिली.

"बस," तो म्हणाला.

ती दाराला टेकून खाली बसली. तो समोरच्या अंगणाकडे पाहत होता.

"तू सारं पाहिलं म्हणते."

"हाव."

"तिले दिसला होता का?"

"नाही, दादा. तिची पाठ होती. तिले काही समजलंच नाही."

"भेली नाही?"

"नाही. भ्याले वेळच नव्हता. मान धरली त्यानं, अन् झालं."

भैय्याजीने मान हलवली. हाताच्या बोटांची नखं एकेक करून दाबत राहिला.

"त्याच्या आधी काय करून राहिली होती?"

"वेचत होती. बोलत होती माह्याशी."

"काय बोलत होती?"

सिंधूला सांगावंसं वाटेना. इतकं साधं होतं ते. तरी तिने सांगितलं.

"कुकरची रिंग खराब झाली म्हणे. वाफ जाते अन् डाळ कच्चीच राहते. तुमाले तीनदा सांगतलं, तुम्ही आणत नाही. आज घरी गेल्यावर भांडतो म्हणे."

भैय्याजी ऐकत राहिला. संपलं तरी अजून काही येईल म्हणून थांबला. आणखी काही नव्हतं.

"कोणत्या कुकरची?" त्याने विचारलं. "मोठ्या?"

"नाही. लहान्या."

"लहान्या," तो म्हणाला. गुडघ्यांवर हात देऊन उठला, घरात गेला आणि लहान कुकरचं झाकण घेऊन बाहेर आला. रिंग काढून त्याने उजेडात धरली. एका जागी ती चिरली होती. त्याने ती शर्टाच्या खिशात घातली, माप दाखवायला, आणि चपला घालून सावनेरच्या बसला निघाला.